डाव मोडला, पण खेळाडू उठले नाहीत

जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या फँटसी फ्लाइट गेम्स या कंपनीनं एक निवेदन काढलं. ‘अँड्रॉइड : नेटरनर’ हा तिचा पत्त्यांचा खेळ त्या वर्षीच्या २२ ऑक्टोबरनंतर विकला जाणार नव्हता. खेळाचे मूळ हक्क विझार्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या कंपनीकडे होते आणि ते वापरण्याचा करार संपत होता. सहा वर्षं जगभरचे खेळाडू नव्या पत्त्यांच्या पुडक्याची वाट पाहत आले होते. ते आलं की नवे बेत आखत होते, मित्रांना बोलावून रात्री जागवत होते. आता वाट पाहण्यासारखं काही उरलं नाही, असं त्या निवेदनाचं सांगणं होतं.

तो खेळ आजही खेळला जातो. त्याला नवे पत्ते येतात, नव्या आवृत्त्या निघतात, जागतिक स्पर्धा भरते. फक्त हे सगळं आता ती कंपनी करत नाही. जे वाट पाहत बसले होते, तेच पुढची आवृत्ती काढू लागले. पत्त्यांच्या खेळांच्या जगात असं क्वचितच घडतं. ते का आणि कसं घडलं हे कळण्यासाठी अशा खेळांत ‘नवी आवृत्ती’ म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहायला हवं.

रमी खेळा, मेंढीकोट खेळा, नाहीतर बदाम सात. पत्ते ठरलेलेच आणि सगळ्यांना तेच. संग्रह करण्याच्या पत्त्यांच्या खेळात मात्र शेकडो, पुढे हजारो वेगवेगळे पत्ते छापले जातात. प्रत्येकावर एक चित्र, एक नाव आणि तो पत्ता काय करू शकतो हे सांगणारा छोटा नियम. त्यातून आपल्याला हवे ते पत्ते निवडून प्रत्येक खेळाडू स्वतःचा ‘डेक’ बांधतो आणि तो घेऊन दुसऱ्याच्या डेकसमोर बसतो. त्यामुळे खेळ टेबलावर जेवढा रंगतो, तेवढाच तो घरी पत्ते पसरून ‘हा ठेवू की तो’ या विचारातही रंगतो.

या प्रकाराची सुरुवात रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं केली. १९९१ मध्ये त्यानं यंत्रमानवांच्या शर्यतीचा ‘रोबोरॅली’ हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या पीटर ॲडकिसनला दाखवला. कंपनी तेव्हा अगदी लहान होती आणि तो खेळ छापणं तिला परवडणारं नव्हतं. ॲडकिसननं उलट मागणी केली : खेळांच्या संमेलनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात उरकेल, खिशात मावेल असं काही दे. त्यातून ऑगस्ट १९९३ मध्ये ‘मॅजिक : द गॅदरिंग’ बाजारात आला. पहिल्या छपाईत २९५ प्रकारचे मिळून सुमारे २६ लाख पत्ते होते. ते हातोहात संपले. पत्ते बंद पाकिटातून विकले जात आणि आत काय निघेल ते आधी कळत नसे. चिप्सच्या पाकिटातले टाझो जमवत वाढलेल्या पिढीला त्या पाकिटाची ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

पण टाझो जमवून ठेवायचे असतात आणि इथले पत्ते खेळायचे असतात. इथूनच नव्या आवृत्तीचा पेच सुरू होतो.

नवी आवृत्ती येणार म्हटल्यावर खेळाडूच्या मनात एका वेळी दोन प्रश्न असतात : नवं काय मिळणार, आणि माझ्याकडचं जुनं काय निकामी होणार? नव्या पत्त्यांमुळे कालपर्यंत जिंकणारा डेक आज हरू शकतो. नियम बदलला तर एखाद्या पत्त्याचा अर्थच बदलतो. जुना दुर्मीळ पत्ता पुन्हा छापला गेला तर खेळायला तो सगळ्यांना मिळतो, मात्र ज्यानं तो महागात घेतला त्याचे पैसे बुडतात. १९९५ मध्ये मॅजिकचा ‘क्रॉनिकल्स’ हा जुन्या पत्त्यांच्या पुनर्मुद्रणाचा संच आला तेव्हा नेमकं हेच झालं. किमती कोसळल्या, संग्राहक खवळले. मग १९९६ मध्ये कंपनीनं काही पत्त्यांची यादी जाहीर केली आणि ते पुन्हा कधीच छापणार नाही असा शब्द दिला. त्या यादीतल्या ‘ब्लॅक लोटस’ या पत्त्याची पहिल्या छपाईतली एक उत्तम प्रत २०२१ मध्ये ५ लाख ११ हजार १०० डॉलरला गेली. एवढ्या किमतीचा पत्ता डेकमध्ये घालून खेळायला कोण बसणार?

नव्या आवृत्तीच्या या पेचाचा कंपनीलाही अंदाज होता. १९९९ मधल्या सहाव्या आवृत्तीनं मॅजिकचे नियम नव्यानं बांधले. २००३ मधल्या आठव्या आवृत्तीत पत्त्याची चौकटच बदलली आणि जुन्या खेळाडूंत मोठी नाराजी पसरली. त्याच सुमाराच्या आवृत्त्यांसाठी कोणते पत्ते परत आणायचे यावर खेळाडूंचं मतदानही घेतलं गेलं. मत विचारलं, तरी निर्णयाची किल्ली कंपनीच्याच हाती राहिली.

नेटरनरची जन्मकथा याच काळातली. मॅजिकच्या यशानंतर गारफिल्डनं वेगळ्या तऱ्हेचा खेळ आखला आणि १९९६ मध्ये विझार्ड्सनं तो बाजारात आणला. त्याची पार्श्वभूमी माइक पाँडस्मिथ यांच्या ‘सायबरपंक २०२०’ या कथाखेळातली. पुढे ‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम आला, तोही याच विश्वातून. मूळ संचात ३७४ प्रकारचे पत्ते होते. जाणकारांनी खेळ डोक्यावर घेतला, पण बाजारात मॅजिकपुढे तो टिकला नाही. त्याच वर्षी ‘प्रोटियस’ हा विस्तार आला, १९९९ मध्ये ‘क्लासिक’ हा छोटा संच आला आणि छपाई थांबली. जुने पत्ते सांभाळून ठेवणारे थोडे खेळाडू उरले. नव्या माणसाला खेळात ओढायचं तर त्याला पत्ते आणायचे कुठून, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

तेरा वर्षांनी, २०१२ मध्ये, फँटसी फ्लाइटनं नवी आवृत्ती जाहीर केली. ल्यूकस लिट्झिंगर या रचनाकारानं गारफिल्डच्या खेळाचा गाभा तसाच ठेवला आणि बाकी बरंच नव्यानं घडवलं. कथेची पार्श्वभूमी आता कंपनीच्या स्वतःच्या ‘अँड्रॉइड’ या विश्वाची होती. जुने पत्ते नव्यात चालणार नव्हते, तरीही १९९६ पासूनचे चाहते आनंदले, कारण खरा बदल विक्रीच्या पद्धतीत होता. बंद पाकिटातलं नशीब काढून टाकलं होतं. आधी एक मूळ संच, मग दर काही आठवड्यांनी साठ पत्त्यांचं छोटं पुडकं. त्यात वीस प्रकारचे पत्ते, प्रत्येकाच्या तीन प्रती. पुडक्यात काय आहे हे सगळ्यांना माहीत आणि सगळ्यांना तेच. आता हरलेल्याला ‘त्याच्याकडे महागडा पत्ता होता’ असं म्हणता येणार नव्हतं. एक कुरबूर मात्र राहिली : मूळ संचातल्या काही पत्त्यांची एकच प्रत होती, म्हणून हिरिरीनं खेळणारे तोच संच दोनदा-तीनदा विकत घेत.

खेळात एवढं वाट पाहण्यासारखं काय होतं? बुद्धिबळात दोघांकडे सारखीच मोहरी असतात. नेटरनरमध्ये दोघांचे पत्ते वेगळे, नियम वेगळे, जिंकण्याचे मार्गही वेगळे. एक खेळाडू बलाढ्य कंपनी होतो. त्याला म्हणतात कॉर्प. दुसरा तिच्या संगणकांत घुसणारा रनर. कॉर्पला आपले गुप्त प्रकल्प, म्हणजे ‘अजेंडा’, तडीस न्यायचे असतात. रनरला ते चोरायचे असतात. दोघांपैकी जो आधी सात गुण मिळवेल तो जिंकला. कॉर्पच्या हातातले पत्ते हे तिचं मुख्यालय, पत्त्यांची गड्डी ही तिची संशोधनशाळा, टाकलेले पत्ते हे तिचं दफ्तर. रनर यांपैकी कुठंही घुसू शकतो. म्हणजे हातात धरून ठेवलेला पत्तासुद्धा सुरक्षित नसतो.

एक खेळी जवळून पाहू. कॉर्पला एका पाळीत तीन कामं करता येतात, रनरला चार. कॉर्प एक पत्ता टेबलावर पालथा ठेवते. त्याच्यापुढे दुसरा पत्ता आडवा आणि पालथा ठेवते; ही ‘आईस’, म्हणजे वाटेतला अडसर. तिसऱ्या कामात ती एक क्रेडिट, म्हणजे खेळातला पैसा, खर्च करून आतल्या पत्त्यावर एक खूण ठेवते आणि पाळी संपवते.

रनर विचारात पडतो. बरेच अजेंडे तीन खुणा झाल्या की पूर्ण होतात. हा तसला असेल तर पुढच्या पाळीत कॉर्प आणखी दोन खुणा ठेवून गुण घेणार, म्हणजे चोरायची संधी आत्ताच, एवढीच. पण खूण सापळ्यावरही ठेवता येते. ‘उर्टिका सायफर’ नावाचा एक पत्ता असा आहे की रनरनं तो आत जाऊन उघडला तर त्याचे दोन पत्ते जातात आणि वर असलेल्या प्रत्येक खुणेमागे आणखी एक. एक खूण म्हणजे तीन पत्ते. ते जातात हातातले, तेही न पाहता उचललेले. आणि जेवढे द्यायचे तेवढे हातात नसतील तर रनर मेला, डाव संपला. रनरच्या हातात आत्ता दोनच पत्ते आहेत.

आधी दोन पत्ते उचलून घ्यावेत? मग उरलेल्या दोन कामांत घुसायला जमेल, पण अडसर फोडायला पैसे पुरतील का? आणि समोरचा माणूस शांत का बसलाय? इथं पत्ते वाचण्याइतकंच माणूस वाचणं महत्त्वाचं. पालथ्या पत्त्याखाली खरंच प्रकल्प असतो, सापळा असतो, किंवा नुसती हूल असते आणि कॉर्प दुसरीकडे आपलं काम साधून घेते. नवं पुडकं आलं की या पालथ्या पत्त्याखाली काय असू शकतं याची यादीच बदलते. नव्या पत्त्यांची चित्रं एकेक करून प्रसिद्ध होऊ लागली की खेळाडू रात्रभर चर्चा करत बसतात, त्याचं कारण हे.

या खेळाच्या प्रवासात मुंबईचाही मुक्काम आहे. फँटसी फ्लाइटनं २०१५-१६ मध्ये सहा पुडक्यांची एक मालिका काढली, तिचं नाव ‘मुंबड’. भविष्यकाळातलं हे महाकाय भारतीय शहर मुंबईवर बेतलेलं. पहिल्या पुडक्याचं नाव ‘काळा घोडा’, पुढच्या एकाचं ‘सालसेट आयलंड’, म्हणजे आपली साष्टी. पत्त्यांत ‘मुंबा टेंपल’ होतं, ‘मुंबड सिटी हॉल’ होता, ‘मुंबड व्हर्च्युअल टूर’ होती. निवडणुका, राजकीय सौदेबाजी आणि कृत्रिम माणसांच्या हक्कांची चळवळ हे या मालिकेचे विषय. मिनेसोटातल्या कंपनीनं कल्पिलेल्या भविष्यात मुंबई हे दूरचं, शोभेचं गाव नव्हतं. सत्ता, पैसा आणि बंड एकत्र नांदणारं जगाचं मोठं केंद्र होतं. जगभरच्या टेबलांवर कित्येक महिने ‘काळा घोडा’ हे नाव त्यामुळे घेतलं गेलं.

पत्ते वाढत गेले तशी दुसरी अडचण उभी राहिली. नव्यानं येणाऱ्यापुढे डझनावारी पुडकी आणि शेकडो पत्ते. काय घ्यायचं, कुठून सुरुवात करायची? म्हणून सर्वांत जुन्या मालिका स्पर्धांतून बाद करायचं ठरलं आणि २०१७ मध्ये मूळ संचाची सुधारित आवृत्तीही आली. घर आवरून झालं, नवे पाहुणे येऊ शकतात, असं वाटत असतानाच काही महिन्यांत ते निवेदन आलं.

असे शेवट या धंद्यात नवे नव्हते. त्याच कंपनीनं ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ या पत्त्यांच्या खेळाची दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये काढली तेव्हा पहिल्या आवृत्तीचे सगळे पत्ते एका फटक्यात निरुपयोगी झाले. ‘लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज’ हा १९९५ पासूनचा खेळ तिनं २०१५ मध्ये विकत घेतला. चाहत्यांनी दोन वर्षं वाट पाहिली, २०१७ मध्ये नवी आवृत्ती आली आणि २०२१ मध्ये तीही थांबली. खेळ बंद झाला की बहुतेक मंडळी पत्ते खोक्यात भरतात आणि दुसऱ्या खेळाकडे वळतात. त्यात चूक काहीच नाही. रोज नवं काही येत असलेल्या खेळाची सवय लागलेल्याला गोठलेला खेळ लवकर सपक लागतो.

नेटरनरच्या खेळाडूंनी ही रीत मोडली. २०१८ मध्येच काही जणांनी एकत्र येऊन ‘निसेई’ नावाचा गट स्थापन केला. २०२२ पासून त्याचं नाव ‘नल सिग्नल गेम्स’ आहे. नफा हा हेतू नसलेली, स्वयंसेवकांनी चालवलेली ही संस्था. कोणी पत्ते रचतं, कोणी ते खेळून खेळून त्यांतल्या पळवाटा शोधतं, कोणी नियमांची भाषा घासूनपुसून नेमकी करतं, कोणी चित्रकारांशी बोलतं, कोणी स्पर्धा भरवतं. ही माणसं वेगवेगळ्या देशांत राहतात.

कायद्याची वाट अरुंद होती, पण होती. खेळाच्या कार्यपद्धतीवर, म्हणजे पाळी कशी घ्यायची, पत्ता पालथा ठेवला की काय होतं यावर, लेखस्वामित्व सांगता येत नाही; चित्रं, मजकूर आणि मांडणी यांवर ते असतं. म्हणून गटानं नवी चित्रं काढून घेतली, नवी नावं दिली, पत्त्यांची नवी मांडणी केली. २०१९ मध्ये ‘डाउनफॉल’ हा त्यांचा पहिला नवा संच आला. खेळाडू तो आपल्या जुन्या पत्त्यांत मिसळून खेळू शकत होते.

खरी कसोटी मार्च २०२१ मध्ये लागली. त्या महिन्यात ‘सिस्टम गेटवे’ आणि ‘सिस्टम अपडेट २०२१’ हे दोन संच एकत्र आले. दुसऱ्यात कंपनीच्या काळातले निवडक पत्ते नव्या रूपात होते. पहिला होता अगदी नवख्यांसाठी आणि तो वेगळा विचार करून घडवला होता. खोकं उघडलं की तयार दोन छोटे डेक. शिकण्याचा डाव सातऐवजी सहा गुणांचा. तो जमला की थोडे पत्ते आणखी मिसळायचे, मग स्वतः डेक बांधायला घ्यायचा. २०१२ च्या मूळ संचाबद्दलची जुनी कुरबूरही इथं मिटवली, कारण तोच संच दोनदा घ्यायची गरज उरली नाही. ज्यांनी ती कुरबूर वर्षानुवर्षं केली होती, त्यांच्यातलेच लोक आता संच ठरवत होते.

आणि २०२५ मध्ये आला ‘एलेव्हेशन’. ‘सिस्टम अपडेट’ची जागा त्यानं घेतली आणि स्पर्धांच्या मुख्य प्रकारातून कंपनीच्या काळातले उरलेसुरले पत्ते बाहेर पडले. या संचाची वाट पाहताना खेळाडूंच्या मनात जे होतं त्याला नुसती उत्सुकता म्हणता येणार नाही. कित्येकांच्या कपाटात सहा वर्षांची पुडकी होती. त्यांतल्या एकेका पत्त्याशी एखादा जिंकलेला डाव, एखादी थोडक्यात हुकलेली स्पर्धा, एखादी मैत्री जोडलेली होती. ते पत्ते आता घरच्या डावापुरते आणि जुन्या पत्त्यांसाठी राखलेल्या प्रकारापुरते उरणार होते. पण ज्यांना ते पत्ते दुकानात कधी मिळालेच नसते, अशा नव्या खेळाडूंना पहिल्यांदाच जुन्यांच्या बरोबरीनं बसता येणार होतं. हा निर्णय कुठल्या बड्या कंपनीच्या हिशेबातून आला नाही. त्याची झळ ज्यांना बसणार होती, त्यांच्यातल्याच लोकांनी तो घेतला आणि का घेतला ते उघडपणे मांडलं. म्हणून तो पचला. मॅजिकच्या संग्राहकांना १९९६ मध्ये शब्द हवा होता की आमच्या पत्त्यांची किंमत पडणार नाही. नेटरनरच्या खेळाडूंना हमी हवी होती ती वेगळी : समोर बसायला कोणीतरी असेल.

या मार्गालाही मर्यादा आहेत. सगळे जण आपली नोकरी-शिक्षण सांभाळून हे काम करतात, त्यामुळे संचांमधलं अंतर लांबतं. दर महिन्याला पुडकं हाती पडण्याचे दिवस गेले. खेळाच्या मोठ्या दुकानांच्या फळीवर जागा मिळवणं कठीण, आणि जाहिरातीला पैसा नाही. मात्र करार संपला म्हणून खेळ संपण्याची भीती आता उरलेली नाही.

मुंबई, पुणे किंवा पणजीत बसून हा खेळ शिकायचा तर परदेशातून खोकं मागवून त्यावर पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क भरण्याची सक्ती नाही. नल सिग्नल आपल्या पत्त्यांच्या छापण्याजोग्या फाइल्स मोफत देते. ए-फोर कागदाच्या एका पानावर नऊ पत्ते बसतात. रंगीत प्रिंट काढायची, कात्रीनं किंवा कटरनं पत्ते कापायचे आणि पाठ अपारदर्शक असलेल्या प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये एखाद्या जुन्या पत्त्यासमोर सरकवायचे. असे पत्ते संस्थेच्या स्पर्धांतही चालतात. समोर बसायला कोणी नसेल तर जिंतेकी-डॉट-नेटवर जगातल्या कुणाशीही फुकट डाव मांडता येतो. सुरुवात ‘सिस्टम गेटवे’च्या दोन शिकाऊ डेकपासून करावी, आधी रनर व्हावं, मग बाजू बदलून कॉर्प. दोन्हीकडून एकेकदा खेळून झालं की पुढचा संच जाहीर झाल्यावर बाकीचे खेळाडू इतक्या आतुरतेनं काय शोधतात, ते नवख्यालाही त्या पत्त्यांत दिसू लागतं.